पुण्यात मुक्काम नाही

६ जानेवारी २०२५, सोमवार

निवृत्त माणसाला पतसंस्थेची डायरी मिळाली की त्यानं तिच्यात दुधाचे खाडे आणि रक्तदाबाच्या गोळ्या लिहायच्या, असा जगाचा समज आहे. मी आजपासून कामकाज लिहिणार आहे. कारण मला नोकरी लागली आहे, तीही विमान कंपनीत!

सकाळी उदयसिंह घरी आला. त्याचे वडील साखर कारखान्यात संचालक होते, तेव्हापासूनची ओळख. घरचा दुधाचा धंदा वाढवता वाढवता या पठ्ठ्यानं दोन लहान विमानं घेतली. एक कोल्हापुरात असतं, दुसरं पुण्यात. पायलट मात्र सगळे इथले. चहाचा कप घेऊन उभ्या उभ्याच बोलायला लागला.

"आण्णा, ह्या पायलट लोकांनी वैताग आणलाय बघा. पुण्याचं विमान उडवायला हितनं जात्यात. जाताना काय चालवत न्हाईत, नुस्तं गाडीत बसून जात्यात. तरी गाडी कंपनीची, हाटेल कंपनीचं, जेवान कंपनीचं! तुमी भल्याभल्या संचालकांची प्रवासबिलं कापलीसा. ह्येंच्यासाठी एक नियम बसवून द्या की."

मी आढेवेढे घेतले नाहीत. सारी हयात कारखान्यात प्रवासभत्त्याच्या टेबलावर गेली. खोट्या मुक्कामाचं बिल माझ्याकडून मंजूर करून घेईल असा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

एकच बाब सांगणं मला भाग होतं. आमची सून ऋता त्याच कंपनीत सहवैमानिक आहे, आणि मार्चमध्ये तिची कॅप्टन होण्याची परीक्षा आहे. उदयसिंह म्हणाला, "मग तर लईच बरं. आण्णांची सूनच पाळत्या म्हटल्यावर बाकीची आपसूक गप बसत्यात." पोरगा हुशार आहे.

९ जानेवारी

उचगावच्या ऑफिसात मला टेबल, खुर्ची आणि खिडकी मिळाली. खिडकीतून विमान उतरताना दिसतं. मी आजवर विमानात बसलेलो नाही. पण घोड्यावर न बसताही घोड्याचा चारा मोजता येतो.

सध्याची रीत अशी. सकाळचं विमान पुण्याहून उडवायचं, तर पायलट आदल्या दिवशी दुपारी निघतो, हॉटेलात झोपतो, सकाळी आंघोळ करून विमानावर जातो. वाचून मला हसूच आलं. कोल्हापूरकर आणि पुण्यात मुक्काम! आमच्या कारखान्याचा नियम होता, अडीचशे किलोमीटरच्या आत मुक्काम मिळणार नाही. पुणं आत बसतं. पहाटे निघायचं, साखर आयुक्तांच्या ऑफिसात काम करायचं, आणि रात्री घरी येऊन भाकरी खायची. मी स्वतः शेकडो वेळा गेलो. काही झालं नाही.

तोच नियम इथे लावला. गाडी कंपनीची, जेवण कंपनीचं, मुक्काम नाही. येण्याजाण्याचे तास कामात धरावेत असा सरकारी दंडक आहे. तेही मांडून पाहिलं, मर्यादेत बसतात. कलम सात तर खास माझं आहे: गाडीनं गेला आणि विमान उडवलं नाही, तर तो प्रवास खासगी समजला जाईल आणि बढतीच्या वेळी त्याचा विचार होईल. म्हणजे पुण्याला जाऊन पोट दुखण्याची सोयच उरली नाही.

कॅप्टन विजयसिंह हे पायलटांमधले सगळ्यात जुने. ते खुर्ची ओढून समोर बसले. "आण्णा, बसून जानं बी कामच असतंय."

मी म्हटलं, "कॅप्टनसाहेब, जो बसून जातो तो दमत नाही. गाडी चालवतो गुंडू. दमला तर तो दमेल."

"गुंडू पुण्यात पोचल्यावर गाडीतच ताणून देतो. आमाला पुढं विमान चालवायचं असतंय," म्हणाले आणि उठून गेले. नियम आला की कुरकुर येतेच.

रात्री जेवताना ऋताला नियम वाचून दाखवला आणि स्पष्ट सांगितलं, घरचं माणूस म्हणून सूट मिळणार नाही. ती हसली. "अण्णा, सूट कशाला? आमचं सगळं नियमावरच चालतं. बघूया करून." अशी सून मिळायला भाग्य लागतं. आमची ही, कालिंदी, मात्र आमटी वाढता वाढता म्हणाली, "सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही." त्या म्हणीचा संबंध बहुधा आमटीच्या फोडणीशी असावा.

२० जानेवारी

नियम आजपासून लागू झाला. पहिला मान ऋताचा. पहाटे गुंडू गाडी घेऊन आला, कालिंदीनं दशम्या दिल्या. पुणं, तिथून विमानानं नांदेड, परत पुणं, आणि गाडीनं घरी. एका दिवसात! उदयसिंहाचा फोन आला, "आण्णा, तुमी म्हंजे हत्तीचं बळ हाय बघा."

ऋता आल्यावर जेवली नाही. बूट न काढता खुर्चीत बसली आणि बसल्या जागी झोपली. विमानानं भूक मरत असावी.

३ फेब्रुवारी

नियम छान रुळला आहे. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा फेरी होते. विजयसिंह रजेवर गेले आहेत, त्यामुळे ऋताच्या फेऱ्या वाढल्या. परीक्षेच्या आधी अनुभव वाढलेला चांगलाच.

घरात मात्र वेगळीच चाहूल लागली आहे. परवा ऋतानं चहाचं रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं आणि समोर उभी राहिली. पातेलं काळं पडलं तरी हलली नाही. काल मला विचारलं, आज वार कोणता. आज संध्याकाळी स्कूटर लावली आणि खाली स्कूटरवरच बसून राहिली. मी गॅलरीतून पाहत होतो. चेहरा कसा शांत, स्वतःतच हरवलेला. आमच्या मंगळवार पेठेत एवढा गोंगाट, पण हिला त्याचं भान नाही.

मी जग पाहिलं आहे. अशा वेळी बायका अशाच होतात. आमचा मुलगा श्रेयस बंगळूरहून महिन्यातून दोनदा येतो, तेव्हा हिशोबही जुळतो. मी कालिंदीला काही बोललो नाही, पण अंबाबाईला जाऊन पेढे ठेवून आलो. आजोबा होणाऱ्या माणसानं इतकं करायला हवं.

१२ फेब्रुवारी

आज अंगावर मूठभर मांस चढलं. कंपनीत पैसे घालायला नांदेडचे एक बडे व्यापारी तयार आहेत. त्यांना खर्च कसा आटोक्यात आणला ते माझ्या तोंडून ऐकायचं आहे. म्हणजे मी विमानानं नांदेडला जाणार! पुण्याहून, एकोणीस तारखेच्या विमानानं. त्या दिवशी विमानावर ऋताच आहे. सून चालवणार आणि सासरा बसणार, असं पेठेत आजवर कुणाच्या बाबतीत झालं असेल?

ऋता म्हणाली, "अण्णा, तुम्ही आदल्या दिवशी जा. तिथे माझ्या मावशींकडे राहा निवांत. पहाटेचा प्रवास, रस्त्याचं काम चालू आहे, तुम्हाला त्रास होईल."

मी म्हटलं, "नियम करणाऱ्यानंच मोडायचा? मी तुझ्याबरोबर, तुझ्याच गाडीतून येणार."

ती काही बोलायला गेली आणि थांबली. मग म्हणाली, "बरं." तिला किती आनंद झाला ते दिसत होतं.

१९ फेब्रुवारी, पुणे विमानतळ

वेळ भरपूर आहे, म्हणून इथेच लिहायला बसलो. प्रवास उत्तम झाला. रस्त्याचं रुंदीकरण चालू असल्यामुळे कराडच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. गुंडू म्हणाला, "आण्णा, हितं सूर्य बी वळसा घालूनच जात असंल." पुढेही दोन ठिकाणी आत गावातून काढलं. ऋता मागे डोळे मिटून टेकली होती. तिला कंटाळा येऊ नये म्हणून मी कारखान्याच्या गोष्टी सांगत होतो. एका संचालकानं बैलगाडीचं बिल जीपच्या दरानं लावलं होतं, ती गोष्ट तर दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा ती हसली नाही. साताऱ्यानंतर मीही जरा डोळे मिटले. उघडले तेव्हा पुणं आलं होतं. म्हणजे बघा, बसून जाण्यात विश्रांतीच असते.

आत येताना एक गंमत झाली. दारावरच्या जवानानं ओळखपत्र मागितलं आणि मी त्याला चष्म्याचं घर दिलं. तो घराकडे बघतोय, मी त्याच्याकडे बघतोय. पहिल्या विमानप्रवासाची हुरहूर, दुसरं काय!

शेजारी कबनूरच्या चिमणाबाई बसल्या आहेत. लेकीच्या बाळंतपणाला निघाल्यात. काल दुपारीच पुण्यात येऊन भाच्याकडे राहिल्या. मी म्हटलं, आज पहाटे निघायचं की. तर म्हणतात, "अवो पावणं, येवढं हादरं खाऊन परत इमानात बसायचं व्हय? माझ्या माकडहाडाला काय जीव हाय का न्हाई?" बाई विनोदी आहेत. विमान चालवायचं नाही, नुसतं बसायचं, तरी केवढा बाऊ.

काहीतरी पुकारत आहेत. लिहिणं थांबवतो.

२१ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही. आजही लिहावंसं वाटत नव्हतं. पण डायरी कामकाजाची आहे, आणि कामकाज झालं आहे.

त्यांनी पुकारलं ते असं, की एका वैमानिकाची प्रकृती उड्डाणासाठी योग्य नसल्यामुळे नांदेडचं विमान रद्द होत आहे. लोक उठून ओरडायला लागले. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मी म्हणालो, "मी या कंपनीचा अधिकारी आहे. हे लोक गाडीत बसून येतात, बसून! जनाची नाही तर मनाची तरी हवी! कोण आहे तो पायलट? त्याचं बिल मी मंजूर करणार नाही. कलम सात लावतो त्याला!" चार लोक माझ्या बाजूनं टाळ्या वाजवायला लागले.

तेवढ्यात बाजूच्या दारातून ऋता आली. टोपी हातात होती. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अण्णा, मी आहे."

टाळ्या थांबल्या. मी विचारलं, "अगं, बरं नाही का? काही गोड... म्हणजे डॉक्टरकडे जायचं का?"

"डॉक्टर नको. झोप हवी. उडायच्या आधी आकडे वाचायचे असतात. मी एकच ओळ दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा वेगळी वाचली. कॅप्टन काही बोलले नाहीत, पण मला कळलं. अशा वेळी स्वतःहून सांगायचं, हा आमचा सगळ्यात पहिला नियम आहे."

मी म्हणालो, "पण नांदेडला लोक माझी वाट बघताहेत."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही बसणार होता म्हणून नाही केलं, अण्णा. कुणीही बसणार असतं तरी केलं असतं."

चिमणाबाई पिशवी उचलता उचलता म्हणाल्या, "बाई, बरं झालं खालीच सांगिटलंस. वर जाऊन सांगिटलं असतंस तर आमी काय केलं असतं?" आणि तिच्या हातावर दशमीसारखं काहीतरी ठेवून गेल्या.

येताना गाडीत ऋता झोपली. मी गोष्ट सांगितली नाही.

२२ फेब्रुवारी

उदयसिंह भडकला आहे. नांदेडचे व्यापारी फिरले. सोमवारी ऑफिसात ऋताची चौकशी आहे. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आण्णा, तुमी तिच्याबरं गाडीत हुतासा. निघताना ठणठणीत हुती, येवढंच बोला. म्हंजे कलम सात लागतंय आणि बाकीच्यांना वचक बसतोय. परीक्षा काय, पुढच्या वर्षी देईल की."

"आणि नाही बोललो तर?"

"मग तुमचा नियमच खोटा म्हणायचा!"

हे मला लागलं. इतक्या वर्षांत माझा एक नियम चुकला नाही. आता एक तर नियम चुकला, नाही तर सून खोटं बोलली. आणि ऋता खोटं बोलत नाही, हे मला नियमाइतकंच पक्कं माहीत आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? पण मी कुठे चुकलो तेच मला सापडत नाही. मीही शेकडो वेळा पुण्याला गेलो आहे. तोच रस्ता, तशीच गाडी. मला कसं कधी काही झालं नाही?

२३ फेब्रुवारी, रविवार

सापडलं. मला नाही, कालिंदीला.

सकाळी तिला हेच विचारलं. ती गवार मोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्हाला काही झालं नाही, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही दुपारपर्यंत झोपायचात."

मी म्हटलं, "काहीतरीच."

"कारखाना दुसऱ्या दिवशी रजा द्यायचा, विसरलात? तुम्ही पडायचात ते जेवायलाच उठायचात. मी कुकर लावत नसे. शिट्टी होईल म्हणून भात पातेल्यात करायची. श्रेयसला तोंडावर बोट ठेवून शेजारी पाठवायची. भांडीवालीला सांगायची, आज नळाखाली नको, आत घास, आवाज न करता. तुम्ही उठून म्हणायचात, काय मस्त ताजंतवानं वाटतंय, पुणं म्हणजे काहीच नाही."

मी तिच्या ताटातली गवारीची एक शेंग उचलली आणि मोडायला लागलो.

"आणि ते पेढे," ती म्हणाली, "शेजारच्या वहिनींनी सांगितलं मला. गोड बातमीबितमी काही नाही. पोरीला झोप नाही. महिनाभर मी तिच्यासाठी कुकर बंद ठेवतेय, पण तिची गाडी पुन्हा पहाटे येतेच."

मला फार वाईट वाटलं. ऋताबद्दल तर वाटलंच. पण त्याहून जास्त त्या पातेल्यातल्या भाताबद्दल वाटलं. तो मी खात होतो आणि मला वाटायचं की सहज चव बदलली आहे.

नियम कारखान्यातून उचलला आणि नियमाच्या मागची रजा तिथेच विसरून आलो. रजा माझ्या टेबलावर नव्हती, ती हजेरीच्या टेबलावर होती. पण हे कारण लहान मुलाचं झालं, माझ्यासारख्याला शोभत नाही.

२४ फेब्रुवारी

चौकशी झाली. उदयसिंह मध्ये, एका बाजूला विजयसिंह, समोर ऋता, आणि साक्षीदार मी. ऋतानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी काय बोलणार हे तिला माहीत नव्हतं, आणि तिनं घरी एकदाही विचारलं नव्हतं.

उदयसिंह म्हणाला, "आण्णा, तुमी गाडीत हुतासा. काय बघितलंसा?"

मी उभा राहिलो. उभं राहून बोललं की आवाज चांगला लागतो.

"मी काही बघितलं नाही. मी झोपलो होतो. साताऱ्यापासून पुण्यापर्यंत. गाडी मी चालवत नव्हतो, विमान मला उडवायचं नव्हतं. नुसता बसून गेलो. आणि पुण्यात उतरल्यावर मी ओळखपत्र म्हणून चष्म्याचं घर दाखवलं. आता मला सांगा, तुमचं विमान चष्म्याचं घर दाखवणाऱ्याच्या हातात द्यायचं का?"

विजयसिंह हसले. उदयसिंह हसला नाही. "म्हंजे नियम तुमचाच, आणि तुमीच मोडाया लागलासा?"

"दुसऱ्या कुणाची हिंमत आहे का?" मी म्हणालो. "बसून जाणारा दमतो. ज्याला पुढे विमान चालवायचं आहे त्यानं पुण्यात मुक्काम करायचा, कंपनीच्या खर्चानं. आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशी रजा. कलम सात मी खोडलं. ऋतानं खरं सांगितलं म्हणून विमान जमिनीवर राहिलं. परीक्षेच्या वेळी ह्याचा विचार व्हायचा असेल तर तिच्या बाजूनं व्हावा."

"आणि न्हाई केलं तर?"

"तर पैसे घालायला पुढे येईल त्या प्रत्येक व्यापाऱ्याला मी स्वतः जाऊन सांगतो, की ह्या कंपनीत पायलट झोपेत असतात. बोलायचं कसं ते मला चांगलं येतं. तुझ्या वडिलांची बिलं मीच बघायचो."

उदयसिंहानं दोन्ही हात वर केले. "बास! बास, आण्णा. आबांच्या बैलगाडीपातुर जाऊ नगा. द्या मुक्काम." आणि ऋताला म्हणाला, "परीक्षा ठरल्या दिवशीच. पास झालीस तर पेढं तुज्या सासऱ्याकडनं."

बाहेर आल्यावर ऋता म्हणाली, "अण्णा, ती बैलगाडीची गोष्ट परत सांगा ना. त्या दिवशी नीट ऐकली नाही मी." मी उचगावपासून मंगळवार पेठेपर्यंत सांगितली. शेवट येण्याच्या आधीच ती हसली.

२९ मार्च

बऱ्याच दिवसांनी लिहितो. नांदेडला जाणं अजून जमलेलं नाही, म्हणजे विमानात बसणंही राहिलंच. जमेल.

ऋता काल पुण्याहून आली. गुरुवारी तिकडे मुक्काम, काल सकाळी विमान, रात्री घर, आज रजा. मी सकाळी बेलचा खटका बंद केला. भाजीवाल्याला गल्लीच्या तोंडाशी गाठून सांगितलं, आज आमच्या दारात ओरडू नकोस. कालिंदी कुकर लावायला निघाली तेव्हा तिच्या हातातून तो काढून घेतला आणि पातेल्यात भात मीच केला. खाली थोडा लागला. पण आवाज झाला नाही.

बाराच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली आणि खालूनच हाळी आली, "आण्णाऽऽ! हाईसा का घरात?" उदयसिंह. मी दोन दोन पायऱ्या उतरून गेलो आणि मधल्या वळणावरच त्याचा दंड धरला.

"हळू बोल," मी म्हणालो. "कॅप्टन झोपल्यात."